सड्यावर उभं राहण्याचं काम

१

फोटोवाले आमच्याकडे वर्षातून तीनदा यायचे. गणपती झाले की सड्यावर फुलं असतात तेव्हा, गवत पिवळं पडलं की नोव्हेंबरात, आणि हवा स्वच्छ असते म्हणून जानेवारीत. मुंबईचे विजयकर सर त्यांना घेऊन यायचे. भाड्याची मॅटॅडोर, आठ-दहा माणसं आणि प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. कोणी बँकेतले, कोणी डॉक्टर, सगळे हौसेने फोटो काढणारे. कुठे उभं राहायचं, उजेड कसा पडतो, कुठली काच लावायची हे सर त्यांना शिकवायचे. आमचं गाव मालगुंडपासून तासाभराच्या वाटेवर. तिथे हॉटेल नाही, म्हणून ते आमच्या घरी उतरायचे. ह्यांची नोकरी बोटीवर, दहा-दहा महिने घरी नसत. घरात मी आणि माझी मुलगी राही. माणसं आली की घर भरल्यासारखं वाटायचं.

पहाटे चहा, सात वाजता सडा, नऊ वाजता घावन आणि चटणी असा क्रम असायचा. पहिल्या खेपेला सरांनी मला सड्यावर नेलं आणि म्हणाले, "सगुणाबाई, तुम्ही जरा तिकडे टोकाला जाऊन उभ्या राहता का?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी नीट समजावलं. सडा म्हणजे नुसता कातळ. झाड नाही, घर नाही. त्याचा फोटो काढला तर तो अंगणाएवढा आहे की कोसभर, हे बघणाऱ्याला कळत नाही. मध्ये एक माणूस उभा केला की लगेच कळतं. म्हणून त्यांनी मुंबईहून एक लालभडक नायलॉनची साडी आणली होती. मी ती नेसून चारशे पावलं चालत पश्चिमेच्या टोकाला जायचं. तिथे कडा आहे, कड्यावर करवंदीची एक जाळी, आणि जाळीपलीकडे एकदम खाली समुद्र. जाळीच्या अलीकडे सरांनी एक चिरा रोवून त्याला चुना लावला होता. दर खेपेला मी त्या चिऱ्यापाशीच उभी राहायची. सरांनी पांढरा टॉवेल एकदा हलवला की वळायचं, दोनदा हलवला की दोन पावलं चालायचं. डोक्यावरून गोल फिरवला की परत यायचं.

मला ते काम आवडायचं. अकरावीपर्यंत शिकले, पण घराबाहेरचं काम म्हणून हे पहिलंच. सोनूबाई शेजारीण म्हणायची, नुसतं उभं राहायला बोलावतात, मग आमच्या म्हशीला का नाही बोलावत. मी हसायची. पण नीट उभं राहणं सोपं नसतं. वारा साडी ओढतो, पायाखाली कातळ पोकळ वाजतो, आणि लांबून दहा माणसं आपल्याकडे बघत असतात. आपण त्यांना तांदळाच्या दाण्याएवढे दिसत असतो.

२

सत्याऐंशीच्या नोव्हेंबरात माझ्या हातून एक चूक झाली. बोलावलं नसताना मी जागा सोडली.

राही त्या दिवशी टायपिंगच्या परीक्षेला रत्नागिरीला गेली होती. एरवी सड्यावर चहा तीच आणायची. मी चिऱ्यापाशी उभी होते आणि मला एकदम आठवलं की चुलीवर दूध तसंच आहे. टॉवेल काही हलेना. सर कोणाला तरी कॅमेऱ्याचं काही शिकवत होते. मला वाटलं, यांना अजून बराच वेळ आहे. टोकाजवळून एक घळ खाली उतरते, ती सरळ आमच्या परसात येते. मी तिने खाली गेले, दूध उतरवलं, चहा किटलीत ओतला आणि नेहमीच्या पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर चढले. त्या वाटेने आलं की माणूस फोटोवाल्यांच्या मागून सड्यावर येतो.

सगळे पश्चिमेकडे तोंड करून होते. सर टॉवेल डोक्यावरून गोल फिरवत होते. त्यांचा हात दुखायला आलेला दिसत होता.

"या बाईंना झालंय तरी काय," ते कोणाला तरी म्हणाले, "कधीचा बोलावतोय, हलत नाहीत."

मी म्हटलं, "सर, चहा."

सगळे वळले.  मग सगळ्यांनी परत टोकाकडे पाहिलं, मीही पाहिलं. चिरा होता, जाळी होती, पलीकडे समुद्र चमकत होता. बाकी काही नव्हतं.

एक डॉक्टर होते, ते म्हणाले की दोन सगुणाबाई दिसतायत तर चहाही दोनदा मिळायला हवा. सगळे हसले. सर म्हणाले, कातळ तापला की अशी झळ उठते, डोळ्याला फसवते. मी मान डोलावली. पण नोव्हेंबरात सकाळी साडेसातला कातळ गार असतो. मी त्याच्यावर अनवाणी उभी होते.

फक्त ओक काका हसले नव्हते. पुण्याचे निवृत्त सर्वेअर, सत्तरीचे. ते सगळ्यांच्या मागे तिकाटण्यावर कॅमेरा लावून बसायचे. त्यांनी चहाचा कप घेतला आणि मला हळूच विचारलं की तुम्ही खाली जाऊन किती वेळ झाला. मी म्हटलं, पंधरा मिनिटं तरी. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी मी सोनूबाईला विचारलं, सकाळी सड्याच्या टोकाला लाल साडी नेसून कोणी गवताला गेलं होतं का.

"टोकाला कोण जातंय? आणि लाल नेसून? ह्या वयात मला लाल कोण नेसवतंय गो," ती म्हणाली, आणि हसता हसता माझ्याकडे बघून थांबली.

३

डिसेंबरच्या शेवटी पाकीट आलं. सर दर खेपेला आठवण म्हणून दोन-तीन फोटो पाठवायचे. या वेळी त्यात ओक काकांनी काढलेला एक रंगीत फोटो होता, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा.

माजघरात एकच खिडकी, तिच्याखाली बसून मी तो पाहिला. पिवळा सडा, वर निळा समुद्र, आणि टोकाला लाल रंगाचा एक दाणा. नेहमीसारखाच. मी नेहमी उभी राहते तशीच ती उभी होती, डावा हात कमरेवर. राही माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "चांगली आलीस की गो आई."

मग माझं लक्ष खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे काहीतरी जवळचं, अंधुक, फोटोत घुसलं होतं. पितळी चोच, आणि तिच्यामागे हिरव्या बांगड्यांचा एक हात. किटली माझीच होती. हातही माझा होता.

राहीला काही वाटलं नाही. तिला मी काही बोललेही नाही. ती विहिरीवर गेल्यावर मी ह्यांचं भिंग काढलं. ह्यांनी ते बोटीवरून आणलं होतं, नकाशे वाचायचं.

भिंगाखाली दिसलं ते मी तीन-तीनदा पाहिलं. समुद्रात एक मचवा होता, शीड उभारलेला, बराच आत. ती बाई त्या शिडाच्या रेषेत आली होती. पण शीड तिच्या मागे नव्हतं, तिच्या पुढे होतं. कमरेखालची ती शिडाने झाकलेली होती.

मी स्वतःला समजावलं. एकावर एक दोन फोटो उमटतात कधीकधी, सरांनीच सांगितलं होतं, फिल्म पुढे सरकली नाही की तसं होतं. तसं झालं असेल. पण तसं असतं तर शिडातून ती दिसली असती, नाहीतर तिच्यातून शीड. इथे कड सुरीने कापल्यासारखी होती. मी फोटो ट्रंकेत साड्यांच्या खाली पालथा घातला. त्या दिवसापासून माजघरात काम करताना माझी पाठ ट्रंकेकडे होत नसे. दिवसाही.

४

जानेवारीत ओक काका आले ते आधी पडवीत येऊन बसले. बाकीचे सामान उतरवत होते. मी फोटो आणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. त्यांच्याकडे त्याचाच मोठा केलेला होता, आणि त्याच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या.

त्यांनी मला एक काडेपेटीतली काडी दिली आणि हात लांब करून अंगणापलीकडच्या माडावर धरायला सांगितली. काडीने माड झाकला.

"वहिनी, जवळची काडी आणि लांबचा माड सारखेच दिसतात," ते म्हणाले. "तुम्ही चारशे पावलांवर उभ्या राहता तेव्हा जेवढ्या दिसता, तेवढीच ही दिसतेय. पण ही मचव्याच्या पलीकडे आहे. मचवा दोन मैलांवर होता."

मला कळलं होतं, तरी मी विचारलं, मग ती केवढी.

ते माडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी मी उभी राहिले. या वेळी टॉवेल फिरेपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि हलले नाही. चिऱ्यापाशी एक गोष्ट लक्षात आली. जाळीची पानं हलत होती, माझी साडी हलत होती, पण समुद्राचा आवाज नव्हता. कड्यावर तो कायम असतो, घरातल्या घड्याळासारखा, म्हणून थांबला की कळतो. मी समुद्राकडे पाठ करून उभी होते. वळून बघण्याचं मला काही कारण नव्हतं, म्हणून मी वळले नाही.

टॉवेल फिरला. मी निघाले. अर्ध्या वाटेवर आले तरी टॉवेल फिरतच होता. सगळ्यांचे कॅमेरे माझ्याकडे नव्हते, माझ्या डोक्यावरून मागे होते. सर लांबच्या काचेतून बघत, हसत, टॉवेल फिरवत होते. तेवढ्यात ओक काका उठले, आणि त्या म्हाताऱ्या माणसाने सरांच्या हातातून टॉवेल ओढून घेतला.

"तिला बोलावू नका," ते म्हणाले. "निदान आता तरी बोलावू नका."

सर ओशाळले. म्हणाले, काका, मृगजळ आहे हो, मी गंमत करत होतो. जेवताना ते दोघं पंगतीच्या दोन टोकांना बसले. मी सोलकढी वाढत होते तेव्हा ओक काकांनी वाटीवर हात ठेवला. 

फेब्रुवारीत त्यांचं पाकीट आलं. एक फोटो आणि एक पत्र. फोटोत ती लाल बाई तेवढीच होती, तांदळाच्या दाण्याएवढी. पण मचव्यामागे नव्हती. किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर काळा खडक आहे, त्याच्यामागे होती. पत्र चार ओळींचं. जवळ येते तशी ती लहान होते आहे, म्हणून फोटोत तेवढीच राहते. आता तुमच्या घराच्या कौलांएवढी असेल. चिऱ्यापाशी पोचेल तेव्हा ती बरोबर माणसाएवढी झालेली असेल. सगुणावहिनी, ती जागा मोकळी ठेवू नये असे मला वाटते. मी आता येणार नाही.

५

त्याच आठवड्यात सरांचंही पत्र आलं. मार्चात एक जादा खेप ठरली होती. मुंबईच्या एका कंपनीला कॅलेंडरसाठी सड्याचा फोटो हवा होता. तुमचे गुडघे दुखतात, तेव्हा या वेळी राहीला उभी करू, असं त्यांनी लिहिलं होतं.

राहीने पत्र दोनदा वाचलं. एकोणीस वर्षांची पोर, गावात तिच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं. तिने लगेच ट्रंक उघडली आणि लाल साडी अंगाला लावून आरशापुढे उभी राहिली. मी ती तिच्या हातातून घेतली. म्हटलं, तू उभी राहायची नाहीस.

तिने कारण विचारलं. मी सांगायला हवं होतं. पण मी काय सांगणार होते? फोटो दाखवला तर ती म्हणणार, आई, तूच आहेस की. मी म्हटलं कडा धोक्याचा आहे.

"तीन वर्षं तुला नव्हता धोक्याचा," ती म्हणाली. "तुझे हवे तेवढे फोटो निघाले. माझा एक निघणार तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

असं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. मला राग नाही आला. उलट मन एकदम घट्ट झालं. ती माझ्याशी वर्षभर अबोला धरो, तिचा पाय त्या चिऱ्यापाशी पडू द्यायचा नाही. बाकी मला काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं.

दुपारी पहार घेऊन मी सड्यावर गेले. चिरा उपटला. एकटीने उपटला, अजून हाताला घट्टा आहे. तो जाळीच्या बाजूने कड्यापर्यंत लोटत नेला आणि खाली ढकलला. कडा उंच आहे, पण खाली खडक आहेत. दगड पडल्याचा आवाज यायला पाच मोजेपर्यंत वेळ लागतो, लहानपणी आम्ही मोजायचो. मी पाच मोजले. मग पंधरा मोजले. मग मी कान देऊन बराच वेळ उभी राहिले.

आवाज आला नाही. कोणीतरी तो वरच्या वर झेलावा तसं झालं. मी खाली वाकून बघितलं नाही. चिऱ्याचा खळगा कातळात चौकोनी दिसत होता, आणि मला कळून चुकलं की चिरा नसला तरी जागा तिथेच आहे.

६

मार्चात सहाच जण आले. सर येताना नवीन ब्लाउज घेऊन आले होते, राहीच्या मापाचा. मी त्यांना सांगितलं, राही उभी राहणार नाही, मीच राहीन. ते हसून म्हणाले की सकाळी बघू. राही माझ्याकडे न बघता ताटं घेत होती.

सकाळी बघण्यासाठी मी थांबले नाही. उजाडता उजाडता लाल साडी नेसले आणि घळीने वर चढले. खळग्यावर दोन्ही पाय रोवून उभी राहिले. या वेळी तोंड समुद्राकडे केलं. पाठमोरी राहून काही अडवता येत नाही.

सूर्य मागून वर आला. माझी सावली लांब होऊन जाळीवर पडली. मागे मॅटॅडोरचं दार वाजलं, माणसांची बोलणी आली. मग समुद्राचा आवाज थांबला.

आधी मला जाळीच्या वर लाल दिसलं. जाळी माझ्या खांद्याएवढी आहे, आणि लाल तिच्या बरंच वर होतं. मी तिथे बघितलं नाही. नजर खाली, जाळीच्या बुडाशी ठेवली. जाळीपलीकडे जमीन नाही हे मला ठाऊक होतं. तरी कोणीतरी तिथून अलीकडे आलं. काट्यांत साडी अडकली नाही, पान हललं नाही. माझ्यासमोर कातळावर लाल नायलॉनची किनार आली, माझ्याच साडीची. माझी वाऱ्याने फडफडत होती. ती सरळ लोंबत होती.

अजून ती माझ्याहून दोन हात उंच होती. तोंड बघायचं तर मला मान वर करावी लागली असती. मी केली नाही. ती अर्धं पाऊल पुढे आली आणि अर्ध्या पावलाएवढी खाली आली. माझ्या सावलीवर ती उभी होती, तिची सावली नव्हती. चुन्याचा वास येत होता, ओल्या चुन्याचा.

मी म्हटलं, "ही जागा माझी आहे. मी सोडणार नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला, पण कापत नव्हता. ती थांबली. किती वेळ ते सांगता येत नाही. मागे सर हाका मारत होते, टॉवेल फिरवत असणार. मी वळले नाही. मग पोकळ कातळावर पावलं वाजायला लागली, पळत येणारी, हलकी. ती पावलं मी तिच्या जन्मापासून ओळखते.

"आई," राहीने हाक मारली.

मी हलले नाही. पण समोरची उंच मान हाकेकडे वळली. एवढं मला नजर खाली असूनही कळलं.

मी जागच्या जागी, न वळता ओरडले, "राही, मागे फिर. हाक मारू नको. संगमेश्वरला मावशीकडे जा, नऊच्या गाडीने जा, मागे बघू नको."

पावलं थांबली. राही पन्नास-साठ पावलांवर असेल.  नंतर कधीही तिने मला सांगितलं नाही की तिला काय दिसलं. फक्त तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, वासराचा निघतो तसा, आणि पावलं परत फिरली. मी ती मोजली, ऐकू येईनाशी होईपर्यंत. मग समुद्राचा आवाज परत आला, एकदम, कानठळ्या बसवणारा.

मी नजर वर केली. जाळी होती. तिची पानं हलत होती.

७

सर पुन्हा आले नाहीत. कॅलेंडरला फोटो मिळाला नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल, किंवा त्यांच्याकडेही त्या दिवसाचे फोटो असतील. मी विचारलं नाही. राही संगमेश्वरहून मुंबईला गेली, तिथे एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. पत्रं पाठवते. मी सुखी आहे, तू सड्यावर जाऊ नकोस, एवढंच असतं.

पण मी रोज जाते. उजाडताना जाते आणि ऊन चढेपर्यंत उभी राहते. सोनूबाईने विचारणं सोडलंय. गावात काहीतरी बोलत असतील, बोलू देत. ती लाल साडीतली रोज समोर येतेच; पहिल्या महिन्यात माझ्याहून हातभर उंच होती. पावसाळ्यात वीतभर. मी रोज तेवढंच बघते, माझ्या कपाळाच्या रेषेत तिचं काय येतं. पुढच्या उन्हाळ्यात ती बोटभर उंच झाली आणि तिथेच थांबली. सहा महिने झाले, बोटभरच. मला वाटलं, मी तिला अडवली. मी जागा सोडली नाही म्हणून शेवटचं बोटभर तिला मिळालं नाही. पहिल्यांदा मला रात्रीची शांत झोप लागली.

या दिवाळीला राही आली. मी सड्यावर जाते म्हणून रागावली, मग रडली, मग माझ्या हातची करंजी खाल्ली. संध्याकाळी मी तिला पाठीशी पाठ लावून उभी केली, कारण मुंबईच्या हवेने ती वाढल्यासारखी दिसत होती. शेजारच्या सोनूबाईने आमच्या डोक्यांवर हात ठेवून बघितलं.

"पोरगी आईच्या वर गेली गो," ती म्हणाली. "बोटभर."

राही हसली. मीही हसले. रात्रभर मी तिच्या अंथरुणाशेजारी बसून होते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला तिला बसवून दिली. दिवाळी अजून दोन दिवस होती. ती खिडकीतून बघत राहिली.

तिथून मी सरळ वर गेले. ती उभी होती. मी नजर वर केली नाही, त्याची गरज नव्हती. ती अडलेली नव्हती. तिला हवं होतं तेवढी ती झाली होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून, एसटी जाते त्या रस्त्याकडे बघत होती.

राहीला मी पत्र टाकलं आहे. मे महिन्यात येऊ नकोस, कधीच येऊ नकोस, तुला भेटायला मीच मुंबईला येईन असं लिहिलं आहे. मी जाणार नाही. त्या सकाळी सड्यावर कोण उभं राहील?